पोषण सप्ताह निर्विघ्न पार पाडण्यासाठी

१ सप्टेंबर जवळ आला की शाळेत कुणाच्या तरी गळ्यात पोषण सप्ताह पडतो. यंदा तो तुमच्या गळ्यात पडला असेल तर बिनघोर राहा. देशात हा सप्ताह १९८२ पासून चालू आहे, २०१८ पासून तर अख्खा महिना. एवढ्या वर्षांत कुणाच्या डब्याला धक्का लागलेला नाही. तुमच्या हातून काय लागणार!

सुरुवात वेशभूषेनं करा. पहिलीच्या पोरांना भाज्या करायचं. आदल्या रात्री नऊला पालकांच्या ग्रुपवर 'उद्या आपला पाल्य दोडका आहे' असा मेसेज सोडा. तोवर मंडई मिटलेली असते, त्यामुळे दोडका कुणाला बघायला मिळणार नाही. हिरवा कार्डशीट मिळेल. सकाळी स्टेजवर दोडका एका हातानं शेंडी सावरत म्हणेल, "मी दोडका. मला खा, ताकद मिळवा." पुढचं विसरेल, मग आई खालून ओठ हलवेल. हाच दोडका घरी दोडक्याची भाजी बघून ताट सरकवतो, पण परीक्षकांना ते कुठं ठाऊक? पहिल्या नंबराला चॉकलेटचा डबा द्या. उत्तेजनार्थ क्रीम बिस्किटाचा पुडा.

प्रमुख पाहुणे 'बाहेरचं तेलकट म्हणजे विष' यावर तासभर बोलतील. नंतर त्यांना स्टाफरूममध्ये कटवडा द्या. दार उघडंच असू द्या. पोरांना वास गेला पाहिजे, प्रात्यक्षिकाशिवाय शिक्षण पक्कं होत नाही.

एखादा चौकस पालक नियम काढेल. अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०२० साली ठरवलंय की जादा चरबी, मीठ, साखर असलेले पदार्थ शाळेत किंवा फाटकापासून ५० मीटरच्या आत विकायचे नाहीत. त्याच्या हातात टेपचं एक टोक द्या आणि दुसरं धरायला माणूस शोधायला सांगा. कुरकुरे आणि रंगीत पेप्सीच्या नळ्या विकणाऱ्या गाडीला हात लावू नका, पोटापाण्याचा प्रश्न आहे. आवळे-बोरांची टोपली घेऊन बसणारी आजी मात्र ताबडतोब हलवा. ती फुटपाथ अडवते, आणि तिच्या डोक्यावर कुठल्या कंपनीची छत्रीसुद्धा नाही.

शाळा जिल्हा परिषदेची किंवा महापालिकेची असेल तर काम आणखी सोपं. पहिली ते पाचवीच्या पोराला दुपारच्या आहारातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असं कागदावर आहे: १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी. खिचडीत डाळ दिसत नसेल तर ती विरघळली समजा. भाजी दिसत नसेल तर तीही. वाढायच्या आधी शिक्षकानं चव घेऊन रजिस्टरात नोंद करायची असते. ते महिनाअखेरीला एका बैठकीत भरा, शेरा 'उत्तम'. एखाद्या दिवशी 'मीठ कमी' लिहा, खरं वाटतं. रविवारची चव घेतलेली नाही ना, एवढं तेवढं तपासा.

अंड्यावर बोलू नका. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिनं असतात, म्हणजे त्या १२ ग्रॅमांतली निम्मी. पण २०२५ च्या जानेवारीत राज्य सरकारनं अंड्याचे पैसे थांबवले; हवं असेल तर लोकवर्गणीतून द्या म्हणाले. बरोबरच आहे. आपल्या गावात वर्गणी डॉल्बीसाठी असते. अंड्याला बेस आहे का?

घरची आघाडी पालकांनी सांभाळावी. रविवारी सगळ्यांनी मिसळीला जावं. स्वतः कटाची दुसरी वाटी मागवावी आणि "आमच्या पिंट्याला तिखट चालत नाही" म्हणत त्याच्यापुढं कोल्ड्रिंक ठेवावं. २५० मिलीत २५ ग्रॅमच्या आसपास साखर, म्हणजे सहा चमचे. पण तोंड भाजत नाही. चंदगडच्या पाव्हण्यांनी आणलेली नाचणी डब्यात किडू द्यावी. तिच्या १०० ग्रॅममध्ये ३०० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं, दुधाच्या दुपटीहून जास्त, पण आंबील काळपट दिसते आणि फोटो चांगला येत नाही. पणजोबांनी कोल्हापूरच्या खासबाग मैदानात कुस्ती मारल्याची गोष्ट जेवताना रोज सांगावी आणि पोराला दोन गल्ल्या पलीकडच्या तालमीत गाडीवरून सोडावं.

एकच धोका उरतो. शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, तेव्हा पोरं पुड्याची मागची बाजू वाचतील हे त्यांच्या ध्यानात आलं नसावं. तिसरी-चौथीतलं पोरगं ती वाचतं. क्रीम बिस्किटाचा पुडा उलटा करून विचारतं, "पप्पा, शंभर ग्रॅममध्ये तीस ग्रॅमच्या वर साखर म्हणजे ह्यात बिस्कीट किती?" अशा वेळी "चष्मा कुठं ठेवलाय गं?" असं बायकोला विचारत आत निघून जावं. छपाई बारीक असते, तुमचं कुणी मनावर घेणार नाही.