तेवढा डाग काढून द्या म्हणे

सकाळी चहा ठेवला आणि फोन वाजला. "मॅडम, तुमच्या ऑनलाइन गॅलरीतलं संध्यामठाचं चित्र आवडलं. खालचा तपकिरी डाग फोटोशॉपमध्ये काढून फाइल पाठवा, प्रिंट आम्ही इकडं काढून घेतो. फाइलचे काही लागत नसतील ना?"

चहा उतू गेला.

अहो, तो डाग नाही. पंचगंगा आहे ती.

जुन्या मंडळींना ठाऊक आहे, नव्यांसाठी सांगते. माझे मामा ड्रॉइंग मास्तर. आठवडाभर एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या पोरांकडून तांब्या आणि वांगी काढून घ्यायची, आणि रविवारी सायकलला बोर्ड बांधून कोल्हापूरचा रंकाळा तलाव गाठायचा. संध्यामठ त्याच तलावातला. शाहू स्मारकला एकदा प्रदर्शन लावायचं, लावायचं म्हणत गेले. 2019 च्या ऑगस्टमध्ये दुधाळीच्या घरात पंचगंगेच्या पुराचं पाणी शिरलं तेव्हा आम्ही सिलिंडर बाहेर काढला, टीव्ही काढला, लोणच्याची बरणीसुद्धा काढली. पलंगाखालची चित्रांची ट्रंक कुणाला आठवली नाही. मलाही नाही, दुसऱ्याला कशाला बोलू.

आठवड्यानं झाकण उघडलं तर आत लगदा. जलरंग तो, राहणार कसा? प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली एकतीस तेवढी निघाली. संध्यामठाचं चित्र भिंतीवर होतं. पाणी फ्रेममध्ये चढलं आणि बरोबर चित्रातल्या पाण्याच्या कडेला येऊन थांबलं. मामींनी ते गच्चीत कपड्यांच्या दोरीवर चिमटे लावून वाळवलं. चिमट्याच्या खुणा अजून आहेत वर, त्या या साहेबांना दिसल्या नाहीत वाटतं.

1922 साली शाहू महाराज गेले तेव्हा त्यांचे दरबारी चित्रकार अबालाल रहिमान यांनी दुःखात आपली चित्रं पंचगंगेत सोडून दिली, असं आमच्याकडं सांगतात. लहानपणापासून ऐकतोय. पण त्यांनी ती स्वतःच्या हातानं सोडली. मामांना कुणी विचारलं होतं?

लॉकडाउनमध्ये मी आणि मामेभाऊ ती एकतीस आणि संध्यामठ स्कॅन करत बसलो, त्यातून ही गॅलरी झाली. दुसरी प्रेरणाबिरणा काही नाही. पुढं एक बोर्ड रंगवणारे काका आले, फ्लेक्सनं ज्यांचं काम नेलं. मग गडहिंग्लजचे एक निवृत्त मास्तर. ऑनलाइन गॅलरी म्हटलं की लोकांना 2000 सालापासूनचं सॅफ्रनआर्ट आणि त्यांचे कोटींचे लिलाव आठवतात. आमच्याकडं अडीच हजारांचं चित्र पुठ्ठ्याच्या नळीत घालून कुरिअरला द्यायचं आणि पावती जपून ठेवायची, एवढाच थाट.

आता कुणीतरी म्हणणारच, रविवर्म्यांनीही 1894 ला मुंबईत छापखाना काढून प्रिंटच विकले की, म्हणून तर लक्ष्मी-सरस्वती घरोघरी गेल्या. बरं, गेल्या. पण छापखाना त्यांचा स्वतःचा होता! चित्रकाराला न विचारता फुकटात फाइल मागायला ते कुणाच्या दारात गेले नव्हते. आणि हो, फोनवर कागदाचा पोत दिसत नाही, निळा प्रत्येकाच्या स्क्रीनवर वेगळा दिसतो, तेही मान्य. म्हणून काय ट्रंकेतच ठेवायची होती?

एक सणसणीत उत्तर लिहून ठेवलं होतं. पाठवणार तेवढ्यात त्याच चित्राखाली एका गृहस्थांची कमेंट दिसली. मामांचे विद्यार्थी, आता पुण्यात असतात. सातवीत असताना मास्तरांनी यांना रंकाळ्यावर नेलं होतं, अचानक पाऊस आला, आणि हे पाऊण तास बोर्डावर छत्री धरून उभे. "उजव्या कोपऱ्यात आभाळाचा एक ठिपका फुटलाय बघा, तिथं माझी छत्री हलली होती. मास्तर ओरडले होते."

उठून बघितलं. आहे. इतकी वर्षं मला वाटत होतं तोही पुराचाच.

सणसणीत उत्तर खोडलं. त्या साहेबांना "मूळ चित्र विकायचं नाही, फाइल मिळणार नाही" एवढंच कळवलं. छत्रीवाल्यांना म्हटलं, कोल्हापूरला याल तेव्हा घरी या, मामी आहेत. ते म्हणाले, रविवारीच येतो.

मामींना अजून सांगितलेलं नाही. सांगितलं की त्या आजपासूनच पुरणाची तयारी काढतील.