कळलावी, काकूचे गुडघे आणि 'निसर्गानं पाठवलेलं औषध'

सोमवारी सकाळी सातला वडगावच्या काकूचा फोन. "मोगऱ्याच्या कुंडीत वेल आलाय बघ, कुणी लावला नाही, आपोआप. मेसेजमध्ये होतं तसंच की. उद्यापासून काढा सुरू करतो मी, गुडघ्याला." चहा तसाच ठेवून मी गाडी काढली.

तो मेसेज तुमच्याकडेही येऊन गेला असेल. सार एवढंच: न लावता अंगणात उगवलेलं झाड हे त्या घरातल्या आजारावरचं औषध असतं, मातीला माणसाचं दुखणं कळतं. पाखरं खात असतील तर माणसानं खायला हरकत नाही. पान तोडल्यावर चीक आला नाही तर झाड विषारी नाही. नाव फोनमधल्या अ‍ॅपला विचारावं. एवढं करून शंका उरलीच तर उकळून घ्यावं, दोष निघून जातो. शेवटी 'एका वृद्ध वैद्यांचा अनुभव'. वैद्यांना नाव नाही, गाव नाही.

काकूचा वेल गच्चीच्या ग्रीलवर कमरेएवढा चढला होता. पानाचं टोक पुढं निमुळतं होत गोल वळलेलं, आणि त्या वळणानंच त्यानं ग्रील धरलेली. एकच फूल उमललं होतं. सहा पाकळ्या, कडा दुमडल्यासारख्या नागमोडी, सगळ्या मागं उलटलेल्या, बुडाशी पिवळ्या आणि टोकाला लाल, चुलीतल्या जाळासारख्या. मधली स्त्रीकेसराची दांडी सरळ नाही, काटकोनात आडवी वळलेली. हे फूल एकदा नीट पाहिलं की पुन्हा चुकत नाही. कळलावी. संस्कृतात लांगली; लांगल म्हणजे नांगर, आणि खालचा कंद नांगराच्या आकाराचा असतो. आणि कळलावी हे नाव का पडलं ते सुईणींना विचारा. बाळंतपणाच्या कळा आणायला हा कंद वापरायचे. नावातच धोक्याची पाटी आहे, पण वाचतो कोण?

आता मातीला काकूचे गुडघे कळले का? मे महिन्यात तिच्या पोरानं कुंड्यांसाठी जांबोटीकडून दोन पोती रानमाती आणली. कंदाचा तुकडा त्या पोत्यातून आला आणि पावसानं फुटला. एवढंच. अंगणात जे उगवतं ते पोत्यातून, शेणखतातून, पाखरांच्या विष्ठेतून, वाऱ्यातून येतं. माती रोग ओळखून झाड पाठवत असती तर आपल्याकडं रिकाम्या प्लॉटवर सगळीकडं माजलेलं काँग्रेस गवत कुठल्या आजारावर आलंय? ते मूळचं अमेरिका खंडातलं, १९५० च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नजरेस आलं आणि तिथून सगळीकडं पसरलं. औषध राहू दे, अंगाला लागलं तर खाजवून हैराण करतं.

पाखरांचं म्हणाल तर पिवळी कण्हेर, आपली बिट्टी, बघा. तिची फळं कोकीळ खुशाल खाते. माणसानं खाल्ली तर हृदयाचे ठोके बिघडतात, जीव जातो. कोकिळेचं पोट निराळं, आपलं निराळं.

चिकाचा नियम तर उलटाच मारतो. पपई, अंजीर, चिक्कू, सगळ्यांना चीक. धोतऱ्याला नाही, गुंजेला नाही, कळलावीलाही नाही. एका ठिकाणी तो कामाला येतो हे कबूल: घोळ आणि तिच्यासारखी दिसणारी जमिनीलगतची दुधी (भोपळा नव्हे, तण) यांत घोळीला चीक नसतो, दुधीला असतो. भाजी निवडणाऱ्या बायकांना हे माहीतच आहे. तो एका जोडीपुरता नियम उचलून सगळ्या रानाला लावला की घात.

अ‍ॅपवर फार लिहीत नाही. काकूच्या नातवानं तीन फोटो टाकले. नुसत्या पानाच्या फोटोला बांबूची कुठलीशी जात सांगितली, दुसऱ्याला लिली, फुलाच्या फोटोला बरोबर कळलावी. काकूनं काढा ठरवला तो पहिल्या उत्तरावर.

आता उकळण्याचं. सगळ्यात संताप इथं येतो. अळू चिंच घालून शिजवलं की घशाला खाजत नाही, हे खरं, आणि लोकांचा विश्वास तिथूनच आलाय. पण कळलावीतलं विष म्हणजे कोल्चिसिन, ते उकळून मरत नाही. उलट काढ्यात उतरतं. काकूचं माहेर बेळगुंदीचं, आयुष्य रताळी काढण्यात गेलेलं. कुंडी उकरल्यावर बोटाएवढा जाड, फिकट तपकिरी कंद हातात आला तेव्हा ती म्हणाली, "रताळ्यासारखंच दिसतंय की." नेमकं हेच. रताळं किंवा खायचा कंद समजून कळलावी खाल्ल्याच्या विषबाधा भारतातल्या आणि श्रीलंकेतल्या डॉक्टरांनी नोंदवून ठेवल्यात. खाल्ल्याखाल्ल्या काही होत नाही. काही तासांनी उलट्या, जुलाब. घरचे म्हणतात शिळं काहीतरी खाल्लं असेल. मग एकेक अवयव बसत जातो, रक्त तयार होणं थांबतं. वाचलेल्यांचे केस पुढं एक-दोन आठवड्यांनी झडतात. यावर उतारा म्हणून ठरलेलं औषध नाही. म्हणून असं काही पोटात गेलंय कळलं तर उलटीची वाट न बघता दवाखाना गाठायचा, आणि झाडाचा तुकडा बरोबर न्यायचा.

यातलं अर्धं सत्य मला नाइलाजानं सांगावं लागतंय, नाहीतर कुणीतरी सांगेलच. कोल्चिसिन हे गाऊटवरचं, म्हणजे युरिक अ‍ॅसिडनं सांधे सुजण्याच्या आजारावरचं, खरंखुरं औषध आहे. डॉक्टर गोळी देतात ती अर्ध्या मिलिग्रॅमची. गुण आणि घात यांतलं अंतर त्यात फार कमी, म्हणून मोजून देतात. कुंडीतल्या कंदात किती आहे ते काकू कशानं मोजणार, वाटीनं? शिवाय तिला गाऊट नाहीच, गुडघ्यांची झीज आहे.

'आयुर्वेदात सांगितलंय' म्हणणाऱ्यांसाठी. आयुर्वेद लांगलीला उपविषांत, म्हणजे दुय्यम विषांत मोजतो, गोमूत्रात भिजवून शोधन, म्हणजे शुद्ध केल्याशिवाय वापरत नाही. आणि सरकारच्या औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ मध्ये ई-१ नावाची अनुसूची आहे, आयुर्वेद, सिद्ध, युनानी औषधांतल्या विषारी द्रव्यांची. त्यात धत्तूर, गुंजा, करवीर, वत्सनाभ यांच्या रांगेत लांगली आहे. यातलं काही असलेल्या औषधाच्या बाटलीवर वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावं, असा इशारा छापावा लागतो. कारखान्यात शुद्ध करून भरलेल्या बाटलीला इशारा, आणि कुंडीतल्या कच्च्या कंदाला फॉरवर्ड!

अनोळखी झाड ओळखायचंच असेल तर फुलाफळासकट फांदी वर्तमानपत्रात दाबून जवळच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या सरांना दाखवा. बेळगावात तर नेहरूनगरला पारंपरिक औषधांवर संशोधन करणारी केंद्र सरकारची संस्थाच आहे. नुसतं गावठी नाव विचारून भागत नाही. 'ब्राह्मी' म्हणून कुणी मंडूकपर्णी देतो, कुणी दुसरंच.

काकूनं सगळं ऐकून घेतलं. कंद मी पिशवीत हात घालून परत मातीत पुरला, कुंडी नातवाचा हात पोचणार नाही अशी वर ठेवली. वेल उपटायला तिचा ठाम नकार, फूल देखणं आहे म्हणून. निघताना दारात म्हणाली, "मग देवाला वाहिलं तर चालतंय न्हवं?"

वाहा म्हटलं. तीर्थात तेवढं पडू देऊ नको.