हात वर करणाऱ्याला सोडू नका

तालुक्याच्या डॉक्टर संघटनेचे अध्यक्ष झालात, अभिनंदन! निवडणूक बिनविरोध झाली म्हणे. आपल्याकडे ती तशीच होते. अर्ज भरायच्या दिवशी जो गावाला गेलेला असतो तो निवडून येतो. आता तुम्हाला काळजी पडली असेल ती कामाला माणसं कुठून आणायची याची. मी दोन वर्षं सचिव होतो. लष्कराच्या भाकऱ्या भाजून बोटं पोळलेल्या माणसाचा सल्ला फुकट आहे, घ्या.

आधी आवाहन. ते नेहमी सगळ्यांना करावं. एखाद्याला फोन लावून 'बुधवारी दुपारी तासभर येशील का, माईक आणि पाण्याचं बघायला?' असं चुकूनही विचारू नका. तो 'येतो' म्हणाला तर काय कराल? त्यापेक्षा ग्रुपवर टाका : 'सर्व सन्माननीय सभासदांनी उत्स्फूर्तपणे पुढे येऊन सहकार्य करावे ही नम्र विनंती.' 'उत्स्फूर्तपणे' विसरू नका. पंधरा अंगठे येतील, चार जोडलेले हात येतील, आणि एकजण मजकूर न वाचताच 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहील. माझ्या मते तोच सगळ्यात नेमका प्रतिसाद असतो.

मग वार्षिक सर्वसाधारण सभा. वेळ साडेआठची. साडेआठला सातजण आणि केटररची माणसं. नोटिशीत आपण आधीच लिहून ठेवलेलं असतं की गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल व त्या सभेस गणपूर्तीची आवश्यकता राहणार नाही. इतकं प्रामाणिक वाक्य आपल्या सगळ्या कागदपत्रांत दुसरं सापडायचं नाही. नऊ वाजता तेच सातजण समित्या नेमतात, आणि नेमतात त्या अर्थातच न आलेल्यांच्या. 'शिंदे आले नाहीत ना? स्मरणिका त्यांच्याकडे.' सूचक, अनुमोदक, टाळ्या. शिंद्यांना हे इतिवृत्तातून कळतं, म्हणजे कळतच नाही. साडेनऊला जेवायला साठ माणसं हजर.

सीएमईला, म्हणजे डॉक्टरांचं ज्ञान ताजं ठेवणाऱ्या व्याख्यानांना, मात्र आवाहन लागत नाही. नोंदणीच्या नूतनीकरणाला पाच वर्षांत ३० क्रेडिट लागतात, त्यामुळे सहीच्या टेबलाशी अशी रांग लागते की आपल्या ओपीडीलाही कधी लागली नसेल. 'जरा खुर्च्या लावू लागता का?' असं मी एकदा रांगेतल्या एकाला विचारलं. 'त्याचे किती पॉइंट?' तो म्हणाला. चेष्टा करत असावा. खुर्च्या मीच लावल्या.

डॉक्टर्स डे १ जुलैला. त्याच दिवशी सीए मंडळींचा स्थापना दिवस (संस्था १९४९ची), त्याच दिवशी वसंतराव नाईकांच्या जयंतीचा कृषी दिन. तेव्हा हॉल आणि फुलवाला मे महिन्यातच धरून ठेवा, नाहीतर पुष्पगुच्छ शेतकऱ्यांकडे जातात. (एका वर्षी गेले. ते हक्कदार होते, मी काही बोललो नाही.) भाषणात डॉ. बिधानचंद्र रॉय यांचं स्मरण करायचं. जन्म १८८२, मृत्यू १९६२, दोन्ही १ जुलैलाच. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री असतानाही ते रुग्णांना फुकट तपासायचे, हे जरूर सांगा. फक्त मोफत शिबिरासाठी नावनोंदणीचा कागद त्यानंतर लगेच फिरवू नका. कागद कोराच परत येतो आणि फोटोग्राफर समोर असतो. व्यासपीठावर सगळे माजी अध्यक्ष बसवा. ते मार्गदर्शन करतील. उंट आपला, शेळ्याही आपल्याच.

आता मुद्द्याचं. इतकं करूनही कधीतरी कुणीतरी खरोखरच हात वर करतं. मराठीत 'हात वर करणे' याचे दोन अर्थ आहेत, आणि आपल्या संघटनेत पहिल्यावरून दुसऱ्यावर यायला साधारण तीन महिने लागतात. माझ्या वेळी एक नवी मुलगी आली होती. एमडी होऊन आलेली, दवाखान्याच्या पाटीचा रंगही वाळला नव्हता. म्हणाली, 'सर, महिन्यातून एक शनिवार मला द्या. आश्रमशाळेतल्या मुलींचं हिमोग्लोबिन तपासायचंय. स्ट्रिप मी आणते, गाडी तेवढी हवी.'

असं नेमकं काम मागणाऱ्याला ते कधीही देऊ नये. उत्साह वाया जातो. मी तिला सहसचिव केलं. चेंज रिपोर्टची फाइल दिली. पदाधिकारी बदलले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात तो दाखल करायचा असतो, आणि आमचे आधीचे दोन राहिले होते. थकलेल्या वर्गणीची यादी दिली. ऑडिट दिलं. स्मरणिकाही दिली, कारण शिंदे फोन उचलत नव्हते. ती बिचारी रात्री अकराला दवाखाना बंद करून ज्येष्ठांना हजार-हजार रुपयांसाठी मेसेज करायची. ज्येष्ठ तिला सकाळी सूर्योदयाचं चित्र पाठवायचे.

गाडीचा विषय कार्यकारिणीत दोनदा आला, आयत्या वेळच्या विषयांत. दोन्ही वेळा तोवर जेवण वाढलं गेलं होतं.

चौथ्या महिन्यात फाइल परत आली, तिच्या कंपाउंडरच्या हाती. चेंज रिपोर्ट तिन्ही दाखल, पावत्या टाचलेल्या. सगळ्यात खाली वहीचा एक कागद होता : शाळेच्या अधीक्षिकेचा नंबर, इयत्तावार मुलींची संख्या, आणि पेन्सिलीनं लिहिलेल्या तीन शनिवारांच्या तारखा. तिन्ही उलटून गेलेल्या. कागदाची मागची बाजू कोरी होती. मी तिच्यावर पुष्पगुच्छांचा हिशेब लिहिला.