कपाट काही केल्या चौकटीत मावेना

आमचे तीन दारांचे जुने कपाट ऑनलाइन विकावे असे ठरले, तेव्हा मला वाटले होते की खरा त्रास ते जिन्यावरून उतरवताना होईल; फोटो काढणे हे मधले किरकोळ काम. पहिला फोटो पाहून सौभाग्यवतींनी ‘अहो, हा कशाचा आहे?’ असे विचारले. त्यात मधल्या दाराचा तुकडा, एक मूठ आणि माझे बोट एवढेच आले असल्यामुळे प्रश्न अगदीच अस्थानी नव्हता.

मोठ्या वस्तूचा फोटो घ्यायचा तर मागे सरकावे लागते. मी मागे सरकलो आणि चौथ्या फुटावर पलंगावर बसलो. म्हणजे मला बसायचे नव्हते, पलंगाने बसवले. खोलीत जागा उरलेली नाही म्हणून तर कपाट विकायचे, आणि फोटोला हवी होती ती नेमकी तीच जागा. मग मोबाइलचे जास्त रुंद दृश्य टिपणारे भिंग वापरून पाहिले. कपाट मावले खरे, पण पाय निमुळते आणि छाती पुढे काढलेली, असे ते आखाड्यात उतरलेल्या पहिलवानासारखे दिसू लागले.

मी भिंगाला बोल लावत होतो, पण हिशेब मांडल्यावर दोष भिंगाचा नसून जवळिकीचा निघाला. कपाट आत सुमारे २ फूट जाते. कोपऱ्यातून पाहताना पुढची कड ४ फुटांवर असेल तर मागची ६ फुटांवर, म्हणजे ती पुढचीच्या दोनतृतीयांश उंचीची दिसणार. तेच पुढची कड १२ फुटांवर ठेवली तर मागची १४ फुटांवर येते आणि फरक नजरेत भरत नाही. (काही नातेवाईकही बारा फुटांवरूनच प्रमाणात दिसतात, पण तो विषय वेगळा.) तेव्हा पलंग भिंतीला उभा केला, दोन खुर्च्या बाहेर काढल्या आणि पलीकडच्या खोलीतून, दाराच्या चौकटीतून नेम धरून, दुप्पट झूम लावला. उभ्या कडा एकमेकींकडे झुकू नयेत म्हणून मोबाइल न कलवता कपाटाच्या निम्म्या उंचीवर धरायचा होता. साडेसहा फुटांच्या कपाटासाठी ती उंची माझ्या गुडघे टेकलेल्या अवस्थेशी तंतोतंत जुळली.

आणि मधल्या दाराला आरसा आहे, हे मला तेव्हा आठवले. फोटोत कपाट सरळ, सुबक, आणि त्याच्या ऐन मध्यभागी बनियनवर गुडघे टेकून कपाटाची करुणा भाकणारा एक गृहस्थ! एका अंगाला सरकलो, तर मी गेलो आणि उभा केलेला पलंग आला. फ्लॅश लावला, तर आरशात पांढराशुभ्र गोळा उमटला. शेवटी आरशावर चादर लावली. पण मग आपण आरसा फुटलेला असल्याचे लपवत आहोत असे वाटू लागले, म्हणून चादरीशिवायचा एक फोटो तिरका घेतला.

उजेडाने तर वेगळाच छळ मांडला. खिडकी समोर आली की कपाट काळी सावली होऊन बसे. खिडकी पाठीशी घेतली, तर गडद तपकिरी रंग पाहून कॅमेऱ्याला अंधार असल्याचा भास होई आणि तो कपाट उजळवून फिकट करी. पडद्यावर बोट दाबून धरले आणि उजेड थोडा खाली ओढला, तेव्हा कुठे मूळ रंग परतला. प्रामाणिकपणे दाखवायचा तो ओरखडा मात्र समोरच्या प्रकाशात साफ नाहीसा होत होता. बॅटरी बाजूने, जवळजवळ दाराला टेकवून धरल्यावर तो दिसला, आणि त्याच्यासोबत आम्हालाही आजवर ठाऊक नसलेले आणखी अकरा ओरखडे दिसले.

उंची-रुंदी कळावी म्हणून मोजपट्टी लावलेला फोटोही घेतला. दिवस मावळला होता, पण सात फोटो एकदाचे चढवले, पलंग खाली टेकवला, खुर्च्या आत आणल्या आणि त्याच पलंगावर पाठ टेकली. अर्ध्या तासात पहिल्या ग्राहकाचा निरोप आला.

‘फोटो छान आहेत. कपाटाच्या मागच्या बाजूचा एक पाठवाल का?’