हरणाऱ्याची बरोबरी

मे महिन्यात शहाणा नागपूरकर दुपारी घराबाहेर पडत नाही. मी फक्त वरच्या मजल्यावरच्या काकांकडे जातो, कारण त्यांचा कूलर नवा आहे. मोबदल्यात बुद्धिबळात हरावं लागतं.

एकदा काकांनी माझं झाडून सगळं सैन्य कापलं, प्यादं सरकवत दुसरा वजीर केला आणि माझा राजा पटाच्या कोपऱ्यात एकटा उरला. काकांनी एक वजीर त्याच्यापासून बरोबर घोड्याच्या अडीच घरांवर आणून ठेवला आणि तोंडात सुपारी टाकली. मी हार मानायला हात पुढे केला. तेवढ्यात बुद्धिबळाच्या क्लासला जाणारी त्यांची नात म्हणाली, "आजोबा, हे स्टेलमेट. डाव बरोबरीत."

"काहून?" काकांची सुपारी घशात.

"त्यांच्या राजाला शह नाहीये. पाळी त्यांची आहे, पण जाईल तिथे शह. शहात पाऊल टाकता येत नाही."

"म्हून त हारला ना हा!"

मला काकांचं पूर्ण पटलं. सगळ्या वाटा बंद झाल्या की व्यवहारात त्याला दिवाळंच म्हणतात. पण बुद्धिबळात शहाशिवाय मात नाही. इंग्लंडात तर 17व्या-18व्या शतकात समोरच्याची अशी कोंडी करणाराच हरला असं धरत. हे सांगितल्यावर काकांनी कूलर बंद केला.

मला मात्र ध्येय सापडलं. मी मोहरे वाटत सुटलो. हत्ती घ्या, उंट घ्या, संकोच नको! नातीने आणखी दारं दाखवली. तीच स्थिती, तीच पाळी तीनदा आली तर बरोबरी मागता येते, सलग नसली तरी. दोघांच्या 50-50 चालींत एकही प्यादं हललं नाही, काही मारलं गेलं नाही, तरीही मागता येते. काका कॅलेंडरच्या पाठीवर रेघोट्या मारू लागले.

"आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखनं काय बरोबऱ्या करून विश्वचषक आनला?" त्यांनी सुनावलं.

मी म्हटलं, 2025 साली जॉर्जियातल्या बातुमीत आपल्याच कोनेरू हंपीविरुद्ध अंतिम फेरीचे पहिले दोन्ही डाव बरोबरीतच सुटले होते.

"अन् मंग?"

मग टायब्रेकमध्ये ती जिंकली. ते काकांना माझ्याआधीच पाठ होतं.

आता काका माझं एक प्यादं मुद्दाम जिवंत ठेवतात, म्हणजे मला एखादी चाल उरते. मी ते त्यांच्या मोहऱ्यांच्या तोंडाशी नेतो, ते तोंड फिरवतात. परवा मारामारीत सगळं सरलं. त्यांचा राजा नि घोडा, माझा राजा नि प्यादं. प्यादं मारलं असतं तर एकट्या घोड्याने मात होत नाही म्हणून पुन्हा बरोबरी. काकांनी बाणेदारपणे ती नाकारली. प्यादं शेवटच्या घरात जाऊन वजीर झालं.

काकांनी नातीला हाक मारली. "राजा अन् घोडा म्हनजे बरोबरी, असंच म्हनत होती ना तू?"

"आजोबा, समोर वजीर आहे."

"मंग पन्नास मोज."