कट म्हणणारं कुणी नाही

निर्माता नाही, वितरक नाही, 'मध्ये एक गाणं टाका' म्हणणारं कुणी नाही. हौशी लघुपटात आपण संपूर्ण स्वतंत्र असतो, याच आनंदात मी कामाला लागलो. तेच स्वातंत्र्य नायकालाही असतं, हे नंतर कळलं.

नायक म्हणजे माझा मेहुणा. एक माणूस दार उघडून बाहेर येतो आणि रडतो, एवढीच कथा. दाराच्या आतलं चित्रण एका रविवारी, बाहेरचं पुढच्या. मधल्या आठवड्यात त्याने मिशी काढली. आता माणूस मिशीसकट दार उघडतो आणि तिच्याविना बाहेर पडतो.

"भावोजी, प्रतीकात्मक आहे म्हणा," मेहुणा म्हणाला.

म्हटलं. अडवणार कोण?

ध्वनीचा छळ वेगळाच. पंखा लावला की घरघर, बंद केला की नायक विहिरीतून काढल्यासारखा. शिवाय संकलनात सांधे लपवायला रिकाम्या खोलीची शांतताही अर्धा मिनिट टिपून ठेवावी लागते. सगळे हात बांधून स्तब्ध उभे राहिले. विसाव्या सेकंदाला आईने हळूच विचारलं, "कोण गेलं रे?"

ल्युमिएर बंधूंनी १८९५ साली पॅरिसमध्ये दाखवलेले चित्रपट जेमतेम ५० सेकंदांचे होते. सुमारे १७ मीटरचं रीळ. ते संपलं की चित्रपट संपला. मला त्या रिळाचा हेवा वाटतो. माझ्याकडे नुसतं दार उघडण्याचेच ४३ टेक आहेत. सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे तासाला ८६,४००, असे एकूण नऊ तास. त्यातून सहा मिनिटं निवडायची. बायकोला सगळं दाखवून विचारलं, कुठला टेक ठेवू? ती म्हणाली, "दार सगळ्यांत छान आलंय."

राहता राहिलं रडणं. मेहुण्याने तोंड वेडंवाकडं केलं, डोळे चोळले, पाणी काही येईना. त्यातच फोनवर सूचना झळकली: जागा शिल्लक नाही. अखेर मलाही एक निर्माता मिळाला! काहीतरी पुसणं भाग होतं. ४३ टेकना हात लावायचा धीर होईना. मग एक भलामोठा जुना व्हिडिओ दिसला, तो पुसला आणि कॅमेरा चालू केला.

"कुठला पुसलात?" मेहुण्याने विचारलं.

"तुझ्या लग्नाचा."

एकाच टेकमध्ये झालं.