जन्मसिद्ध हक्काचे दहा दिवस

‘फुकट ते पौष्टिक’ ही म्हण आमच्या घरात अजून कोणी खोटी पाडलेली नाही. त्यामुळे विमान, राहणे, बस आणि वाटाड्या यांसाठी एक पैसाही न मोजता दहा दिवस इस्रायल पाहता येईल हे कळल्यावर, जावे की न जावे हा प्रश्न घरात कोणालाच पडला नाही. तो फक्त मला पडला.

१९९९ साली सुरू झालेली ही योजना १८ ते २६ वयाच्या ज्यू तरुणांसाठी आहे. हिब्रूत तिचे नाव ‘तगलित’, म्हणजे शोध. इंग्रजी नाव मात्र ‘बर्थराइट’, आणि माझी अडचण तिथूनच सुरू होते, कारण मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला ‘जन्मसिद्ध हक्क’ एवढे ऐकले की पुढचे ‘आणि तो मी मिळवणारच’ म्हटल्यावाचून राहवत नाही. ते वाक्य उच्चारण्याआधी लोकमान्यांनी मंडालेत सहा वर्षे काढली होती. मला फक्त एक अर्ज भरायचा होता.

आम्ही ठाण्याचे बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. आमच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, असे आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. पुढे या मंडळींनी कोकणात तेलाचे घाणे चालवले, आणि शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले. धर्माचा एवढा भाग मीही कडकडीत पाळते. शनिवारी मला काम सांगण्याची घरात कोणाची छाती होत नाही. बाकी हिब्रू प्रार्थना मी वहीत देवनागरीत उतरवून घेतल्या आहेत आणि मधली दोन पाने गळाल्याचे मला सहा महिन्यांनी समजले.

अशा व्यक्तीला अर्जात प्रश्न होता, ‘तुमचे ज्यू असणे तुम्ही कसे जगता?’ मी मलिद्याबद्दल लिहिले. पुढे व्हिडिओवर मुलाखत झाली तेव्हा समोरच्या बाईंनी मोठ्या आस्थेने मलिदा म्हणजे काय ते विचारले. भिजवलेले पोहे, साखर, खवलेले ओले खोबरे, वेलची, त्याभोवती फळे, आणि मग एलियाहू हनाबी या प्रेषिताची आठवण काढून सर्वांनी म्हणायची प्रार्थना, असे मी सांगत गेले. पण बाई ‘पोहे’ या शब्दापाशीच थांबल्या होत्या. भात कांडून चपटा कसा करतात हे मला इंग्रजीत सांगता येईना. शेवटी मी स्वयंपाकघरातून डबा आणून मूठभर पोहे कॅमेऱ्यासमोर धरले. माझ्या ज्यू असण्याचा तेवढाच पुरावा त्या दिवशी सादर झाला.

खरे तर आमचा हा हक्क एकदा रीतसर तपासून झालेला आहे. १९६२ च्या सुमारास तिकडच्या धर्मपीठाने बेने इस्रायलांचे विवाह लावण्याआधी त्यांची वंशावळ तपासण्याचे फर्मान काढले. त्यावर आमच्या लोकांनी जेरुसलेममध्ये धरणे धरले, आणि १९६४ मध्ये हे पुरते ज्यू आहेत, असा निर्वाळा संसदेला द्यावा लागला. धरणे म्हटल्यावर दोन-चार घोषणा तरी मराठीतून झाल्या असणार, असा माझा आपला कयास आहे.

पण मला खरे टोचत होते ते वेगळेच. जिथे माझ्या आजोबांनीही कधी पाऊल ठेवले नाही तिथे मला जन्मसिद्ध हक्क, आणि १९४८ साली घर सोडावे लागलेल्या ज्या पॅलेस्टिनी कुटुंबांनी त्या घराची किल्ली अजून जपून ठेवली आहे त्यांना तिकीट काढूनही तिथे परतता येत नाही. मग या फुकटच्या आसनावर आपण नक्की कोणाच्या खर्चाने बसतो? हे मी आईला विचारले. आईचे गणित निराळे होते. भारतात आपली उणीपुरी पाच हजार माणसे, त्यांतली निम्मी नात्यात, आणि त्या एका बसमध्ये चाळीस ज्यू मुले-मुली, तीही बिननात्याची!

अखेर मी इस्रायलमधल्या लोद शहरातल्या आत्याला फोन लावला. लग्न होऊन तिकडे गेल्याला तिला चाळीस वर्षे झाली. मराठी मात्र अजून आमच्यापेक्षा खणखणीत. किल्लीचेही तिने सगळे ऐकून घेतले आणि बराच वेळ ती काही बोललीच नाही.

“मला चाळीस वर्षांत उत्तर सापडलं नाही गं, तुला दहा दिवसांत कुठून सापडायचं?” ती म्हणाली. “आलीस तर परतीचं तिकीट चार दिवस पुढचं घे. आणि पोहे आण. जाडे. इथे मिळतात ते भिजवले की लगदा होतो.”

अर्जाचे शेवटचे बटण मी अजून दाबलेले नाही. आईने मात्र दोन किलो जाडे पोहे आणून ठेवले आहेत. काल सहज पिशवी उलटून पाहिली, तर त्यांची मुदत मार्चअखेर संपते आहे. मला सत्तावीस पूर्ण होतात एप्रिलच्या तीन तारखेला.